पांढरीवरचा रांजण

त्रेचाळीस साली मी कृष्णाकाठच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून रुजू झाले. उंब्रजला मोटारीतून उतरायचं आणि नदीच्या अंगाने कोसभर चालत जायचं, असं ते गाव. माझं वय तेव्हा सव्वीस. नवरा पलटणीच्या कचेरीत कारकून होता. सिंगापूर पडलं तेव्हा तो तिथे होता, एवढंच मला ठाऊक होतं. काही महिन्यांनी सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' असा एक शब्द होता.

त्या एका शब्दाने सांगलीत सासरी माझी जागा कुठली तेच कुणाला कळेनासं झालं. सासूबाई म्हणायच्या, कुंकू ठसठशीत लाव, माझा मुलगा येणार आहे. थोरले दीर काही बोलायचे नाहीत, पण घरात मंगलकार्य असलं की त्या दिवशी मला माहेरी जाऊन यायला सुचवायचे. हळदीकुंकवाला बायका करंडा घेऊन ओळीने येत आणि माझ्यापाशी आल्या की क्षणभर थांबत. लावावं की पुढे जावं? मग लावत. पण ते थांबणं मला सोसेनासं झालं. मी फायनल पास होते, ट्रेनिंगचं एक वर्ष पदरात होतं. लोकल बोर्डाकडे अर्ज केला आणि जे गाव मिळालं ते घेतलं.

गावाने मला वाईट वागवलं नाही. राहायला एक खोली दिली, पुढे ओसरी, मागे परसू. नदीवर धुणं धुताना बायका विचारायच्या, "बाई, मालक कुठं असत्यात?" मी म्हणायची, "लढाईवर." एवढ्यावर भागायचं, कारण त्या गावातला दर दुसऱ्या घरचा माणूस लढाईवर होता. फरक इतकाच की त्यांना पत्रं येत. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. शाळेच्या दारात उभा राहून मुलींकडे त्यांच्या त्यांच्या घरची पत्रं द्यायचा आणि मला उगीचच "काय बाई, बरं हाय ना?" असं विचारून जायचा. मुली पत्रं घेऊन घरी पळत. मग शाळेत मी आणि फळा.

रविवार फार मोठा असे. स्वयंपाक एकटीचा, तो किती वेळ पुरणार? मी नदीकाठाने चालत सुटायची. गावाच्या वरच्या अंगाला एक उंचवटा होता. त्याला सगळे पांढर म्हणत. आसपासची सगळी जमीन काळीभोर आणि तेवढीच टेकडी राखेसारखी फिकट. गावच्या बायका तिथली माती भिंती पोतारायला न्यायच्या आणि शेतकरी गाड्या भरभरून उसाला टाकायचे, कारण त्या मातीने पीक जोमाने येतं असा अनुभव होता. गाड्यांनी माती नेऊन नेऊन टेकडीची नदीकडची बाजू उभी कापली गेली होती. त्या कापलेल्या कडेला खापरं दिसायची. शेकड्यांनी. तांबडी, काळी, काही बाहेरून तांबडी आणि आतून काळी कुळकुळीत. पहिल्या दिवशी मी एक उचललं ते केवळ हातात काहीतरी असावं म्हणून. ते इतकं गुळगुळीत होतं की मी ते घरापर्यंत मुठीतच ठेवलं.

पुढच्या रविवारी ओच्यात भरून आणली.

गावचे एक कुंभार नदीकाठाला मातीसाठी येत. साठीकडे झुकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. सगळं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणायची. त्यांनी मला दोन-तीनदा तिथे वाकलेली पाहिलं असावं. एकदा पाटी खाली ठेवून जवळ आले.

"बाई, खापरं कशापायी येचताय? घागर पायजे असंल तर घरला या की."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते आठवत नाही. मी म्हटलं, "मामा, ही कुणाची असतील?"

त्यांनी माझ्या हातातलं खापर घेतलं, कानाशी धरून नखाने टिचकी मारली. ऐकलं. मग कडेचा एक कण मोडून आतला रंग पाहिला. "बेस भाजलंय," ते म्हणाले. "माती लय मळलीया. असं भाजनं आता आमाला जमत न्हाई." मग माझ्याकडे पाहून, जणू मी त्यांच्या धंद्यातलीच आहे अशा आवाजात म्हणाले, "आतनं काळं का म्हाइती हाय? पालथं घालून भाजलंय. आत भुसकाट कोंडलं आसनार. वारा गावला न्हाई म्हनून आतनं काळं, भाईर वारा खेळला म्हनून तांबडं."

"तुम्ही असं करता?"

"न्हाई. आमच्यात कुनी करत न्हाई. पन खापर सांगतंय की."

ते वाक्य त्यांनी सहज उच्चारलं, पण मी घरी जाऊन बराच वेळ त्यावर विचार करत बसले. एखादी वस्तू फुटून मातीत पडते, करणाऱ्याचं नावगाव राहत नाही, आणि तरी जाणता माणूस ती हातात घेऊन सांगू शकतो की करणाऱ्याने काय केलं, कोणत्या क्रमाने केलं. पुढच्याच आव्याला, म्हणजे भट्टी लावली तेव्हा, मामांनी तसं करून पाहिलं. पहिल्यांदा मडकी तडकली. दुसऱ्यांदा आतून नुसती मळकट निघाली. तिसऱ्यांदा एक लहानसं बोळकं त्यांनी मला आणून दाखवलं. बाहेरून तांबडं, आतून काजळासारखं. आम्ही दोघं शाळेच्या पायरीवर बसून ते बोळकं आणि ते खापर आळीपाळीने पाहत राहिलो.

त्यानंतर दर रविवारी पांढरीवर जाणं हा आमचा नेम झाला. ते माती काढायचे, मी कडा निरखायची. कापलेल्या कडेला रंगाच्या पट्ट्या दिसायच्या, त्याही त्यांनीच मला वाचायला शिकवल्या. "ही चोपलेली जमीन. ह्यो चुलीचा भाग, माती लाल झालीया बघा. ही राख, पन चुलीची न्हाई, छपराची. घर जळालंय." त्या राखेवर पुन्हा चोपलेली जमीन. पुन्हा राख. पुन्हा जमीन. तीन वेळा एकाच जागी घर जळलं होतं आणि तीन वेळा माणसांनी त्याच जागी पुन्हा जमीन चोपली होती. मी विचारलं, "दुसरीकडे का नाही गेली?" मामा म्हणाले, "नदी हितंच हाय की."

शंखाच्या बांगडीचे तुकडे मिळाले, एक निळसर मणी मिळाला, पाय असलेला एक दगडी पाटा मिळाला, तो मात्र जड म्हणून तिथेच राहिला. एवढं सगळं जमल्यावर कुणा जाणकाराला विचारावं असं वाटलं. पुण्याच्या एका कॉलेजात या विषयाचे प्राध्यापक आहेत हे मासिकात वाचलं होतं. मी पत्र धाडलं. मला पत्र धाडायला कुणीतरी मिळालं याचाच आनंद अधिक होता, हे आज कबूल करते. त्यांचं कार्ड आलं. पोस्टमनने ते माझ्या हातात देताना मोठ्याने "बाई, तुमचं पत्र!" असं म्हटलं आणि मी नाव वाचण्याआधी अक्षर पाहिलं. ते अनोळखी होतं. लिहिलं होतं की काही खणू नका, जे आपोआप बाहेर पडेल तेवढंच घ्या, आणि प्रत्येक खापर कुठल्या बाजूला, वरून किती खाली सापडलं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. त्याखेरीज खापराला काही अर्थ नाही. लढाई संपली की मी येऊन पाहीन.

मग मी चिठ्ठ्या लिहू लागले. 'पू ३, खाली दोन हात.' 'द ५, राखेखाली.' पू म्हणजे पूर्व, द म्हणजे दक्षिण, कडेचे मी काठीने भाग पाडले होते. बांबूच्या सहा पाट्या भरल्या. खोलीत माझ्या अंथरुणापुरती जागा उरली.

त्या दिवसांत आमच्या भागात भूमिगतांचा जोर होता आणि पोलिसांच्या तुकड्या गावोगाव झडत्या घेत हिंडत होत्या. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात एका सकाळी शाळा भरायच्या वेळेला एक तुकडी आमच्या गावात आली आणि सरळ माझ्या खोलीपुढे थांबली. कुणीतरी खबर दिली होती की मास्तरीण आणि कुंभार दर रविवारी टेकडीत काहीतरी पुरतात. फौजदार तरुण होता. पाट्या पाहून आधी तो चक्रावला. मग त्याने एक चिठ्ठी उचलली.

"पू तीन. हा कोण?"

"पूर्वेचा तिसरा भाग," मी म्हटलं. "टेकडीचा."

"पू म्हणजे पुणे. पुण्याचा तिसरा माणूस. आणि खाली दोन हात काय? दोन हात खाली काय पुरलंय?"

"काही पुरलं नाही. तिथे हे सापडलं. ही जुनी भांडी आहेत."

"जुनी भांडी बायका मोडीत घालतात, बाई. चिठ्ठ्या लावून ठेवत नाहीत." त्याला प्राध्यापकांचं कार्डही सापडलं. 'लढाई संपली की येऊन पाहीन' हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग शिपायांना खूण केली. त्यांनी सहाही पाट्या अंगणात उपड्या केल्या, काठ्यांनी ढिगारा विसकटला, आत बंदूक किंवा बाँब आहे का पाहिलं. चिठ्ठ्या वाऱ्याने उडून गावभर गेल्या. माझ्या मुली शाळेच्या खिडकीतून बघत होत्या.

मला त्यांनी नेलं नाही. बाई म्हणून, की शाळेची नोकर म्हणून, कोण जाणे. मामांना नेलं. मी त्यांच्या मागे वेशीपर्यंत धावले, ओरडून सांगितलं की यांचा काही संबंध नाही, सगळं माझं आहे. फौजदार वळून एवढंच म्हणाला, "शाळेत जा."

आठ दिवसांनी मामा चालत परत आले. उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. कोठडीत काय झालं ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. फडकं सुटलं तेव्हा गावाला दिसलं की तीन बोटं वाकत नाहीत. कुंभाराचा उजवा हात.

मी त्यांच्या घरी गेले. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वर या म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुमचं खापरांचं येड, बाई. तुमाला ना पोर ना बाळ, ना घरात मानूस. तुमाला येळ घालवायचा व्हता. आमचा हात गेला." आणि दार लावून घेतलं. मी ते लावलेलं दार बघत उभी राहिले. मामी म्हणाल्या त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला रडूही आलं नाही.

गावाने मला काही म्हटलं नाही, फक्त बोलणं कमी केलं. नदीवर मी गेले की बायका आपलं धुणं जरा लांब सरकवून घ्यायच्या. शाळेत पस्तीस मुली होत्या, त्यांच्या अठरा झाल्या. बदलीचा अर्ज मी लिहिला होता, पण पाठवला नाही. निघून गेले असते तर गाव विसरलं असतं आणि मामांचा हात तसाच राहिला असता, हे मला बरोबर वाटेना. राहून तरी मी काय करणार होते, तेही ठाऊक नव्हतं.

अंगणातला ढीग मी पुन्हा पाट्यांत भरून ठेवला होता. चिठ्ठ्या गेल्या. कुठलं खापर कुठलं, हे आता कधीच कळणार नव्हतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मी सांगलीला गेले नाही. ती सगळी खापरं ओसरीवर पसरून रंगावरून, जाडीवरून, मातीच्या पोतावरून लावत बसले. ते पाहायला प्राध्यापक नव्हते, मामा नव्हते. दिवसचे दिवस माझा आवाज मला ऐकू येत नसे. एकदा दुपारी मी "हे इथलं नव्हे" असं मोठ्याने बोलले आणि स्वतःच दचकले. त्या लावालावीत जाड, भरड मातीची साठेक खापरं वेगळी पडली. त्यांच्या काठाखाली मातीची दोरी चिकटवून ती बोटांनी दाबत दाबत नेलेली नक्षी होती. दोन तुकडे जवळ धरले तर त्यांच्या कडा एकमेकांत बसल्या. मग तिसरा बसला. हे एकच भांडं होतं, एक मोठा रांजण. मी बाभळीचा डिंक आणला आणि ओल्या वाळूत तुकडे उभे करून चिकटवू लागले.

आषाढात एका दुपारी ओसरीसमोर सावली पडली. मामा उभे होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. बसले नाहीत.

"बाई, त्या काठाच्या खापऱ्या हायत का? बोटं दाबलेल्या?"

मी बाजूला सरून रांजण दाखवला. तोवर तो अर्धा उभा राहिला होता. मामा खाली वाकले आणि बराच वेळ ती नक्षी बघत राहिले. मग कमरेच्या फडक्यातून त्यांनी मातीचा ओला गोळा काढला आणि जमिनीवर त्याची दोरी वळली. डाव्या हाताने. सावकाश, लहान पोर वळतं तशी, पण वळली. दोरीवर डाव्या अंगठ्याने आणि नखाने दाबत गेले.

"म्या आता ह्या हातानं शिकतोय," ते म्हणाले. "चाकावर जमत न्हाई. पन नक्षी जमती. बघा, उजव्यानं दाबलं तर नखाची कोर हिकडं झुकती. पन्नास वर्सं माझी हिकडंच झुकायची. आता तिकडं झुकाय लागली. दोन दिस मला चैन पडंना, म्हनलं अशी कोर म्या कुठं बघितली?" त्यांनी रांजणाच्या काठावर बोट ठेवलं. "हितं. ह्यो डावरा व्हता, बाई."

मी जमिनीवरची ओली कोर पाहिली आणि काठावरची. एकाच बाजूला झुकलेल्या. काठभर, सगळ्या.

मामा हसले. अटक झाल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मला मात्र त्याच वेळी रडू आलं आणि मी म्हटलं, "मामा, माझ्यामुळे तुमचा हात गेला." नाही, तुमच्यामुळे नाही, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "व्हय. गेला." आणि मग, "डिंक कमी पडतोय तुमचा. जरा दाट करा." आणि बसले.

तो रांजण आम्ही दोघांनी मिळून पुरा केला. दोन ठिकाणी भोकं राहिली, त्यांचे तुकडे टेकडीतच गेले असणार. एके दिवशी मामी त्यांना बोलवायला आल्या आणि आमच्याकडे न बघता रांजणाच्या तोंडातून आत वाकल्या. आत हात घालून चाचपत राहिल्या. "आतनं हात फिरवलाय त्यो ह्या बाप्याचा न्हाई," त्या म्हणाल्या. "बोटं बारीक हायत. बायकूनं फिरवलाय. आमच्यातबी आतनं हात आमीच फिरवतो." मला म्हणाल्या, "घाला हात. बघा." दार लावून घेतल्यानंतर त्यांचं माझ्याशी पहिल्यांदा बोलणं ते. मी हात घातला. ओल्या मातीवरून कुणा बाईने फिरवलेली चार बोटं आत खालपर्यंत उमटली होती. माझी बोटं त्या खाचांत बरोबर बसली.

लढाई संपली. पलटणी परतू लागल्या. गावात एकेक जण येत होता, कुणी धड, कुणी अधू, आणि ज्याच्या घरी यायचं त्याच्या घरी गर्दी व्हायची. मी उंब्रजच्या रस्त्याकडे तोंड करून बसायची नाही, मुद्दाम पाठ करून बसायची. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात कोरेगावकडचा एक शिपाई माझा पत्ता शोधत शाळेत आला. माझ्या नवऱ्याच्या पलटणीतला. अंगावर मांस म्हणून नव्हतं. टोपी हातात धरून उभाच राहिला.

"बाई, तुमचं मालक माज्यासंगं व्हतं. जपान्यांनी आमाला जहाजात घालून येका बेटावर न्हेलं. तिथं क्यांपात तापानं गेलं. दोन वर्सं झाली आसतील. मला लिवता येत न्हाई, न्हाईतर आदीच..."

"कुठलं बेट?"

"नाव न्हाई ठावं. समदं जंगल व्हतं."

"कुठे ठेवलं त्यांना?"

"खड्डा काडला. समद्यांचा येकच." तो थांबला. "दोन वर्सांत तितं झाड उगवलं आसंल बाई. आता मलाबी दावता यायची न्हाई जागा."

"काही दिलं होतं का माझ्यासाठी?"

"काय व्हतं द्याला? अंगावर कापड नव्हतं वो." आणि तो रडू लागला. मीच त्याला पाणी दिलं, चहा करून दिला. तो बिचारा एवढं सांगण्यासाठी कोरेगावाहून आला होता. तो गेल्यावर मी वर्गात गेले आणि चौथीला राहिलेली कविता शिकवली. मुलींना घरी सोडलं. खोलीवर आले, कपाळ पुसलं, आणि रांजणाशेजारी जमिनीवर बसले. कोण जाणे किती शतकांपूर्वीच्या कुणा बाईची बोटं माझ्या हाताला लागत होती, आणि ज्याच्याशी मी चार वर्षं संसार केला त्याचं सदऱ्याचं बटणही मला मिळणार नव्हतं. बाहेर ऊन होतं.

त्याच वर्षी थंडीत प्राध्यापक आले. दोन दिवस राहिले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. टेकडीची कडा पाहिली, खापरं पाहिली. चिठ्ठ्यांची हकिकत ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, सातवाहन राजांच्या काळचं गाव आहे. शंखाच्या बांगड्या समुद्रावरून घाट चढून आलेल्या. मणीही लांबचा. मामा म्हणाले, "मंजी तवाबी बाजार व्हता."

"होता तर," प्राध्यापक म्हणाले. "आणि इथला माल तिकडे जात असणार. धान्य, कापूस."

पालथ्या भाजणीचं मामांनी सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, मामांचं बोळकंही मागून घेतलं. मग मामांनी डाव्या हाताचं सांगितलं. प्राध्यापकांनी भिंगातून काठ पाहिला, सगळा, गोल फिरून. मामांनी ओल्या मातीत दोन्ही हातांनी दाबून दाखवलं, वाकत नसलेल्या बोटांनी सुद्धा.

"शक्य आहे," प्राध्यापक म्हणाले. "खूप शक्य आहे. पण हे लिहिता येणार नाही मला. एका रांजणावरून नाही. आणि हा टेकडीत नेमका कुठे होता तेही आता सांगता येत नाही."

मी मान खाली घातली. मामा म्हणाले, "लिवू नगा. हाय त्ये हाय."

रांजण त्यांनी पुण्याला न्यायचं ठरवलं. माझ्या खोलीत तो टिकला नसता, हे मलाही पटत होतं. पाचट घालून बैलगाडीत बसवला, दोन्हीकडून पोत्यांनी आवळला. गाडी मसूरच्या स्टेशनाकडे निघाली. मामा आणि मी नदीच्या उतारापर्यंत गाडीमागून चालत गेलो. पाण्यात चाकं शिरली तशी गाडी जोरात हेलकावली आणि मामांनी पटकन दोन्ही हात पुढे केले, जणू इथून धरणार होते. गाडी पलीकडे चढली. "चला," ते म्हणाले आणि मातीची पाटी उचलून टेकडीकडे गेले. मी शाळेत गेले.

पुढल्या वर्षी मला सांगलीच्या एका शाळेत जागा मिळाली. सासरी गेले नाही, विश्रामबागेकडे एक खोली घेतली. मामांची खुशाली मोटारीच्या ड्रायव्हरांकडून कळायची. डाव्या हाताने ते पणत्या, बोळकी, लहान गाडगी करत होते, मोठं भांडं नाही. पांढर मात्र दरसाल बुटकी होत गेली. उसाला माती लागत होती.

सांगलीला आल्यावर दोन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी पुण्याला जाणं झालं, तेव्हा वेळ काढून मी प्राध्यापकांच्या कॉलेजच्या संग्रहालयात तो रांजण पाहायला गेले. लांबलचक दालन होतं आणि माझ्याखेरीज तिथे कुणी नव्हतं. बराच शोधल्यावर तो सापडला, कोपऱ्यातल्या उंच फळीवर. खाली पुठ्ठा होता, 'रांजण, कृष्णाकाठ, सातवाहन काळ'. भोकं असलेली बाजू भिंतीकडे केली होती, ते बरोबरच होतं. पण त्यामुळे काठाची नक्षी जिथे नीट दिसते तो भागही भिंतीकडे गेला होता. मी तिथल्या शिपायाला म्हटलं, जरा फिरवता का?

"हात लावायची परवानगी नाही, बाई. आपण कोण?"

मी म्हटलं, "कुणी नाही. त्या गावची."

तो भला माणूस होता. त्याने मला आपलं स्टूल आणून दिलं. मी त्यावर चढले. तिथूनही नक्षी दिसली नाही, पण रांजणाचं तोंड माझ्या नजरेच्या पातळीला आलं आणि आतला अंधार दिसला. हात घातला असता तर पुरला असता. शिपाई बघत होता, म्हणून घातला नाही. खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं. बाहेर पायरीवर बसून बरोबर आणलेली भाकरी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने सांगलीला परतले.